दोन केबिनचं विमान

नाही, पण मला सांगा, विमानाला नऊ पंख कशाला लागतात हो? पक्ष्याचं दोनांत भागतं, आणि या बाबाने एका होडीवर नऊ चढवले, तीन पुढे, तीन मध्ये, तीन मागे... दुसऱ्याच उड्डाणात तळ्यात पडलं ते! पडणारच! आणि असल्या विमानाचं लाकडी मॉडेल करायचं कुणी? मी! अडतीस वर्षं या संग्रहालयाच्या सुतारखान्यात मॉडेलं करतोय, तुम्हाला सांगतो, माझं म्हणणं एवढंच, की विमान कसं, विमानासारखं दिसावं.

पण आमच्या नव्या संचालक बाई! आल्या आल्या म्हणाल्या, चार नंबरचं दालन रिकामं करा, तिथे जगातली विचित्र विमानं मांडायची. माझी बावीस शहाणी विमानं गेली की हो माळ्यावर! त्यांच्या जागी काय, तर एक चकतीसारखं गोल, पंख कुठे संपतो अन् पोट कुठे सुरू होतं ते कळत नाही. एक शेपटीवर उभं राहणारं! उतरताना पायलटने खांद्यावरून मागे बघत जमीन शोधायची... अहो, मला गाडी मागे घ्यायची तर बायको खाली उतरून हात दाखवते, या माणसाला कोण दाखवणार? आणि एक रबरी. पेटीतून काढा, हवा भरा, बसा! म्हटलं, बाई, हे लाकडात कसं करू? तर म्हणाल्या, काका, फुगल्यासारखं करा. फुगल्यासारखं लाकूड! केलं.

मुकाट्याने का केलं, तेही सांगतो. आमच्याकडे मॉडेलखाली विमानाचं नाव लागतं, कल्पना काढणाऱ्याचं लागतं, देणगी देणाऱ्याचं तर हातभर मोठं लागतं. सुताराचं नाही. माझी नात एकदा सगळं दालन फिरून आली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं नाव कुठेच नाही. तुम्ही खरंच इथे काम करता?" लागलं हो मला ते. आणि बाईंनी शब्द दिला होता, की निवृत्तीआधी एका मॉडेलखाली माझ्या नावाची पितळी पाटी लावायची. मॉडेल मी निवडायचं.

शेवटचं आलं ते तर कहर! इंजिनाचं धड जवळजवळ मधोमध, पण पायलटची केबिन? ती बाजूला, उजव्या पंखावर! मागची आडवी शेपटी, तीसुद्धा एकाच अंगाला! अर्धं विमान करून माणूस जेवायला गेला आणि परत आलाच नाही... बाई म्हणाल्या, छान उडायचं ते. उडत असेल हो! पण विमान कसं, विमानासारखं दिसावं की नाही?

आता आमच्या सुतारखान्याची रीत ऐका. आम्ही विमान अर्धंच कापतो पुठ्ठ्यात. तो फर्मा मधल्या रेघेवर ठेवायचा, उजवी बाजू आखायची, फर्मा पलटायचा, डावी आखायची. केसभर फरक पडत नाही. अडतीस वर्षं हात तेच करतोय. मी फर्मा ठेवला, आखलं, बाईंना शिव्या देत देत... मनातल्या मनात हो... फर्मा पलटला, आखलं, आणि करवत घेतली.

तीन आठवड्यांनी पॉलिश करून टेबलावर ठेवलं आणि, काय सांगू, डोळे भरून आले. इतकं देखणं! म्हटलं, उगाच नावं ठेवली, मिळालं एकदाचं शहाणं विमान. पाटी यालाच लावा. नाव कोरून आलं, चारही स्क्रू मी स्वतः पिळले.

उद्घाटनाला घरचे सगळे हजर. पाहुणे म्हणून एक निवृत्त वैमानिक. ते माझ्या विमानापुढे थांबले. भिंतीवरचा फोटो बघतात, विमान बघतात, पुन्हा फोटो. मी छाती काढून उभा. मग हळूच विचारतात, "याला दोन केबिन का?"

दोन केबिन! शेपटीही दोन्हीकडे! तो पलटलेला फर्मा डोळ्यांपुढे आला. वैमानिक म्हणाले, दोन पायलट दोन टोकांना, एकाने इकडे वळवलं, दुसऱ्याने तिकडे, तर विमानाने करायचं काय? मागून आमची बायको म्हणते, "आमचं घर चाळीस वर्षं असंच चाललंय." सगळे हसले. बाई नाही हसल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, काका, हे काढावं लागेल, आणि पाटीही. तिकडे माझी नात पितळेवरून बोट फिरवत माझं नाव वाचत होती, एकेक अक्षर.

मी म्हटलं, "बाई, दालन विचित्र विमानांचंच आहे ना? मग हेही राहू द्या."

बाईंनी पर्समधून पेन काढलं. मग पाटीच्या वर एक कागद चिकटवला: 'हे विमान प्रत्यक्षात कधीच बनलं नाही. कल्पना आणि बांधणी...' आणि खाली मी.

आता सगळ्यात जास्त गर्दी तिथेच. काल एक गृहस्थ बायकोला म्हणाले, कोण वेडा होता गं हा? आणि वाकून माझं नाव वाचलं त्यांनी, मोठ्याने, आडनावासकट. अडतीस वर्षांत पहिल्यांदा! मी मागेच उभा होतो. म्हटलं, ते वेड्याचं राहू द्या साहेब... विमानासारखं दिसतंय ना, तेवढं सांगा.