बैहरच्या गाडीतले राजेसाहेब

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. पासष्ट सालच्या आसपास मी बालाघाट-बैहर गाडीवर ड्रायव्हर होतो, अन् माझा कंडक्टर राजा होता. खोटं नाही बोलून राह्यलो. त्याचे आजे त्या मुलखाचे गोंड राजे. राज गेलं, जमीनदारी गेली, पोट काही गेलं नाही; म्हणून राजेसाहेब तिकिटं फाडत.

पहिल्याच दिवशी मागं पाह्यलं, तं सीटा रिकाम्या अन् सगळे उभे. एका म्हाताऱ्याले म्हटलं, "बाबा, काहून उभे? बसा ना."

"राजा खड़े हैं, हम कैसे बैठें?"

राजेसाहेबांनी हात जोडले, तरी कोणी ऐकेना. घाटात माणसं एकमेकांवर पडून राह्यली. शेवटी म्हटलं, "राजेसाहेब, तुम्हीच बसा हो." ते बसले, तसे सगळे बसले. मग एकेक जण त्यांच्यापाशी येऊन तिकीट नेऊ लागला.

असं बरं चाललं होतं. एक दिवस वाटेतल्या उकवा गावाले नवा चेकर चढला. कंडक्टर बसलेला पाहून भडकलाच. "ड्यूटी पे बैठा है? नौकरी प्यारी नहीं? खड़ा हो!"

म्हटलं, "साहेब, त्यांना उभं नका करू."

"तू गाड़ी चला!"

राजेसाहेब टोपी सारखी करून शांतपणे उठले. त्यांच्यामागं अख्खी गाडी उठली. लेकरं कडेवर, कोंबड्या काखेत. बसलेला मी एकटाच.

चेकर हळूच म्हणे, "बैठिए, राजासाहब."

ते बसले, सगळे बसले. चेकर मात्र, बाजूची सीट रिकामी असून, बैहरपर्यंत उभाच आला.