शिकणाऱ्याला जुन्याच काठ्या बऱ्या

...आन् वर मलाच म्हणतो, "अप्पा, शिकणाऱ्याला जुनंच बरं असतं!" ऐकलंत? शिकणाऱ्याला! एकसष्ट वर्षांचा हाय मी. तुम्हाला सांगतो, लातूरच्या धान्याच्या मोंढ्यात पस्तीस वर्षं अडतीच्या गादीवर बसलो, तुरीचा दाणा दाताखाली धरून ओल किती हाय ते सांगत होतो, आन् हा मल्लिनाथ, माझा सख्खा पोरगा, माझ्याच सोफ्यावर पाय पसरून मला शिकाऊ म्हणायलाय... आन् कशावरून? तर गोल्फवरून!

हसा, हसा. लातुरात गोल्फ म्हणलं की सगळेच हसतेत, मीबी हसलो होतो. चाकूर रोडला एका डॉक्टरनं आपल्या माळावर गवत लावलं, नऊ खड्डे पाडले, झेंडे रोवले, आन् बघता बघता मोंढ्यातले निम्मे अडते रविवारी सकाळी पांढऱ्या टोप्या घालून तिकडं पळायला लागले. जन्मात कधी सकाळी देवाला गेले न्हाईत हो हे लोक! त्यात आमचे चिरंजीव पुढं.

आता हे जुन्याचं प्रकरण कुठून सुरू झालं ते सांगतो. दोन वर्षांमागं मल्लिनाथ म्हणाला, "अप्पा, तुम्ही आता आराम करा, दुकान मी बघतो." मी म्हणलं बरं. आठ दिवसांनी गेलो तर माझ्या गादीवर कॉम्प्युटर! माझा तक्क्या कुठाय म्हणलं, तर मागं पोत्यांवर पडलेला. मग सुरू झालं बघा. यानं नवा फोन घेतला, जुना मला... "अप्पा, आधी याच्यावर शिका, शिकणाऱ्याला जुनंच बरं." यानं नवी गाडी घेतली, जुनी स्कुटी मला... मी राजदूत चालवलेला माणूस, मला स्कुटीवर शिक म्हणतो! कानाचं मशीन तेवढं यानं जुनं दिलं न्हाई, ते का, तर याचे कान अजून शाबूत हायत म्हणून.

मग गोल्फ. आधी यानं हैदराबादहून कुणाच्या तरी वापरलेल्या काठ्या आणल्या. लोखंडी तोंडाच्या, पंधरा वर्षं जुन्या. सहा महिन्यांत साहेबांना त्या कमी पडायला लागल्या. नवा संच आला, चकचकीत, एकेका काठीला टोपडं! आमच्या नातवाला बाळपणी एवढी टोपडी न्हवती. आन् जुन्या काठ्या? बरोबर. "अप्पा, तुम्हाला टाइमपास होईल. शिकणाऱ्याला..." म्हणलं, पुढचं बोलू नको, पाठ हाय मला.

मी घेणारच न्हवतो. पण आमच्या शिवम्मा! चाळीस वर्षांचा संसार, एकदाबी माझ्या बाजूनं बोलल्या असतील तर शपथ. "जावा की मेलं! दिवसभर सैपाकघरात येऊन डाळीत पाणी जास्त झालं, डाळीत पाणी जास्त झालं... मोंढा सुटला तर माझी डाळ धरली का तुम्ही?" आता बोला. गेलो माळावर.

पहिल्याच दिवशी काठी फिरवली तर चेंडू जागेवर आन् काठी लिंबाच्या झाडावर! तिथली मंडळी अशी हसली, अशी हसली की एका बिल्डरला ठसका लागला. मल्लिनाथ पळत आला. मला वाटलं, बापाला लागलं का बघायला आला... तर म्हणतो, "अप्पा, लोकं बघायलेत." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण मारणार कशानं, काठी तर झाडावर.

तिथं शिकवायला सुदर्शन म्हणून एक पोरगं हाय, उदगीरचं, पुण्याला शिकून आलेलं. त्यानं काठी खाली काढली, उलटीपालटी करून बघितली आन् म्हणतो, "अप्पा, काठ्या चांगल्या आहेत की! बूड जाड आहे, मागून पोकळ आहेत. फटका थोडा इकडंतिकडं बसला तरी चेंडू पळतो. नवशिक्याला आणखी काय पाहिजे? पातळ पात्याच्या असत्या तर कोपराला झिणझिण्या आल्या असत्या तुमच्या. फक्त मुठीचं रबर वाळून गेलंय, म्हणून सटकली."

मुठीचं रबर! म्हणजे खोट माझ्यात न्हवती हो! मी तडक ताहेरकडं गेलो. ताहेर म्हणजे अहमदपूरचा वेल्डिंगवाला, आमच्या दुकानाचे वजनाचे लोखंडी काटे पहिल्यापास्नं तोच दुरुस्त करायचा. त्यानं काठ्या बघितल्या. "अप्पा, हे खुरपं कोणत्या पिकाचं?" म्हणलं, बाबा, खेळायचं हाय. "मग धार लावू का?" म्हणलं, ताहेर, तुझ्या पाया पडतो, धार लावू नको, नुसती मूठ बघ. त्यानं वाळकं रबर कापून काढलं, नवं चढवलं, हातात देऊन म्हणाला, "घ्या. लोखंड एकदम झकास हाय, एक आणा बी झिजलं न्हाई. उगं जुनं जुनं करायलेत लोकं."

खरं सांगू? त्या दिवशी मला रडू येईल असं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी जुन्याला झकास म्हणलं होतं!

आन् पुढं ऐका, खरी गंमत पुढंच हाय. मी सात नंबरची काठी मारली की चेंडू शंभर पावलं. मल्लिनाथनं त्याची सात नंबर मारली की सव्वाशे! "बघा अप्पा, नव्याची गोष्टच वेगळी." मी सुदर्शनला बाजूला घेतलं. ते पोरगं हळूच म्हणतं, "अप्पा, नंबर जितका कमी तितका चेंडू लांब. नव्या काठीचं तोंड जरा उभं करतेत, म्हणून चेंडू लांब जातो. तुमच्या हिशेबानं ती सहा नंबरच आहे, वर लिहिलंय सात." अरे! म्हणजे दुय्यम डाळीच्या पोत्यावर एक नंबरचा शिक्का! मोंढ्यात आम्ही असला माल आला की ट्रकसकट परत पाठवत होतो, आन् माझा पोरगा तो टोपडी घालून मिरवायलाय!

मग एका रविवारी जेवताना मी म्हणलं, मल्लिनाथ, मी सकाळी दोन तास दुकानात येऊन बसत जाऊ का? नुसतं बसतो, शेतकरी ओळखीचे हायत... तर हा पाहुण्यांसमोर हसला. "अप्पा, जमाना बदललाय. आधी माळावर मला हरवून दाखवा, मग या गादीवर!" पाहुणे हसले. शिवम्मा हसल्या. मी न्हाई हसलो. मी म्हणलं, शब्द? तो म्हणाला, शब्द.

तीन महिने, तुम्हाला सांगतो, तीन महिने मी दुसरं काही केलं न्हाई. ज्याचे फटके कमी तो जिंकला, एवढाच खेळ हाय. मला ठाऊक होतं, माझी काठी शंभर पावलं टाकते. नव्व्याण्णव न्हाई, एकशेएक न्हाई. तिच्यावर डोळे झाकून भरवसा. साहेबांची काठी एकदा सव्वाशे, एकदा दीडशे, एकदा थेट शेजारच्या सोयाबीनमध्ये!

सामन्याला अख्खा मोंढा जमला. आठ खड्डे बरोबरीत. नवव्याला हा म्हणतो, "अप्पा, आता बघा," आन् दात-ओठ खाऊन असा फिरवला... चेंडू झेंड्यावरून, कुंपणावरून, सोयाबीनमध्ये! शेतमालक काठी घेऊन आला, त्याच्याकडंबी जुनीच होती. मी आपली शंभर पावलं, परत शंभर पावलं, मग हळूच ढकलला... टप्. दोन फटक्यांनी जिंकलो! बापानं पोराला हरवलं! आन् जुन्या काठीनं! शिकणाऱ्याला जुनंच बरं असतं, व्हय रे मल्लिनाथ?

खोटं कशाला बोलू, त्यानं शब्द पाळला. म्हणाला, "अप्पा, शुक्रवारी सकाळी नऊला या. गादी तुमची."

शुक्रवारी मी कपाळाला विभूती लावली, इस्तरीचा सदरा घातला, आठलाच गेलो. कॉम्प्युटर हलवलेला! पांढरी चादर, माझा तक्क्या! शेजारी आमच्या आज्याची पितळी तागडी, माळ्यावरून काढून चिंचेनं लखलखीत घासलेली. हमालांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला, माझे डोळे भरून आले हो... तेवढ्यात अहमदपूरकडचा एक ओळखीचा शेतकरी ठेवणीतल्या तुरीचा नमुना घेऊन आला. पस्तीस वर्षांची सवय! मी दाणा दाताखाली धरला आन् तागडीकडं हात केला.

"अप्पा! हात नका लावू!" मल्लिनाथ ओरडला. "आज खंडेनवमी हाय. पुजलेलं हत्यार आज वापरायचं नसतं. तुम्हीच शिकवलंय की मला!"

खरं हाय. मीच शिकवलंय, आन् गादीच्या आनंदात तिथी मीच विसरलो. मोंढा बंद, काटा बंद, दिवसभर मी गादीवर, गळ्यात हार, समोर उदबत्ती. लोकं येत होते, तागडीला हळदकुंकू लावत होते, मला नमस्कार करत होते, पेढा उचलून जात होते.

दसरा झाला, सोमवारी नऊला गेलो तर गादीवर कॉम्प्युटर. "अप्पा, शुक्रवारी बसलात की! शब्द पाळला ना मी?" मागं हमाल शिडी लावून तागडी परत माळ्यावर चढवत होता. तागडीची आन् माझी पूजा सारखीच झाली होती... मला तेवढी शिडी चढायला जमत न्हाई, म्हणून मी घरी आलो.