हिराबाई साबण उचलेनात

हिराबाईंना मी एवढं का मानतो, ते सांगतो. आम्ही पुण्याजवळचा सूसचा फ्लॅट सोडून कोळवण गावात राहायला गेलो. बायको घरी साबण बनवते, मी गावरान कोंबड्या पाळतो आणि शेजारच्या हिराबाई साबणाच्या वड्या कापायला येतात.

एका सकाळी मुंगसानं अंड्यांवर बसलेली कोंबडी मारली. पिल्लं निघायला एकच दिवस उरला होता. चार अंडी शाबूत होती, पण उबवायला दुसरी खुडूक कोंबडी नव्हती. मी ती टाकायला निघालो, तर हिराबाई म्हणाल्या, "द्या हिकडं, मी बघते त्यांचं."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. साबणाचा साचा उचलेनात, वाकेनात. बायको घाबरली.

"पोटात दुखतंय का? डॉक्टरकडे जाऊ या."

"न्हाई वैनी, बरी हाय मी. आज निस्तं बसू द्या."

तेवढ्यात त्यांच्या पदराआडून बारीक 'चिव' ऐकू आलं. हिराबाईंनी पदर अलगद बाजूला केला. पोटाशी बांधलेल्या फडक्यात चारही अंडी होती आणि एकातून ओली चोच बाहेर आली होती. मी बघतच राहिलो.

संध्याकाळपर्यंत तीन पिल्लं निघाली. बायकोनं विचारलं, "हिराबाई, काल झोपलात तरी कशा?"

"बसूनच लागला जरा डोळा," त्या म्हणाल्या. "त्या बिचारीनं वीस दिस काढलं. माझ्या वाट्याला एकच आला."