गॅरेजच्या दाराचं रबर

आर्विड : ओढ, सिग्ने, ओढ! खाचेत साबणाचं पाणी घातलंय, सरकेल ते. मांजराचं शेपूट नाहीये, जोर लाव.

सिग्ने : लावतेय, बाबा. माप घेऊन आणलंत ना हे रबर? की दुकानात उभं राहून अंदाज बांधलात?

आर्विड : दार सोळा फूट, वर चार बोटं जादा. थंडीत आखडतं ते. ऐंशी झाली म्हणून टेप धरता येत नाही असं नाही.

सिग्ने : मी दोन दिवसांसाठी आले आणि पहिल्याच सकाळी हे!

आर्विड : ऑक्टोबर गेला की रबर दगड होतं. आणि तुझ्या आईला शब्द दिला होता मी. ती शिवणाची खोली इथे बरोबर आपल्या डोक्यावर. पाय गारठायचे तिचे. मागच्या वर्षी बाजूच्या दोन पट्ट्या आणि वरची बसवली. खालचं तेवढं राहिलं, आणि फेब्रुवारीत ती गेली.

सिग्ने : म्हणजे खालून वारा येतच होता.

आर्विड : हॅ! जुनं घोंगडं गुंडाळून कोंबायचो फटीत. ऊब वाटते म्हणायची. डोकं मात्र धरायचं तिचं. मी म्हटलं, चष्मा बदल.

सिग्ने : कधीपासून धरायचं डोकं?

आर्विड : त्याच हिवाळ्यात सुरू झालं. घे, टोक आलं. आता दिवा मालव, दार खाली घेतो. कुठून उजेड येतो का बघ.

सिग्ने : नाही.

आर्विड : कोपऱ्यात?

सिग्ने : कुठूनच नाही.

आर्विड : मुंगी शिरेल तर शपथ! असं काम करायला माणूस बोलावला असता तर...

सिग्ने : दार उघडा, बाबा.

आर्विड : अगं, आत्ताच तर लावलं.

सिग्ने : उघडा आधी.

आर्विड : घे, उघडलं. काय गं, पांढरीफटक पडलीस.

सिग्ने : आई गेली त्या मंगळवारी ते घोंगडं फटीत होतं?

आर्विड : असणारच. उणे बत्तीस होतं बाहेर. डोकं फुटतंय म्हणाली. म्हटलं, चल डॉक्टरकडे. गाडी इथे चालू करून ठेवली गरम व्हायला, आणि बाजूच्या दाराने गेलो बर्फ उपसायला.

सिग्ने : हे मोठं दार बंदच?

आर्विड : मग काय उघडं टाकू? शिकागोत राहून आपल्या डुलुथची थंडी विसरलीस तू. आजारी बाईला गार गाडीत बसवतात का?

सिग्ने : किती वेळ लागला तुम्हाला?

आर्विड : शेजारचा लोवेल आला फावडं घेऊन. तो आला की बोलणं आलंच. तासभर गेला असेल. या नव्या गाडीचा आवाजही येत नाही, चालू आहे हेच विसरलो. गाडी बंद करून वर शिवणाच्या खोलीत गेलो तर ही गाढ झोपलेली. म्हटलं, पडू दे, उशिरा जाऊ.

सिग्ने : आणि मग?

आर्विड : दुपारी सूप घेऊन गेलो वर. तुला फोन केला तो त्यानंतर. हृदय थांबलं म्हणाले डॉक्टर. आधी एक झटका आलेलाच होता, तुला ठाऊक आहे.

सिग्ने : जिन्यात मी एक पांढरी डबी लावली होती. गाडीच्या धुरातला विषारी गॅस घरात शिरला की वाजणारी. भिंतीवर दिसत नाही ती.

आर्विड : स्वयंपाकघरातल्या खणात आहे. काढली मी त्याच सकाळी. ही झोपलेली आणि ती कोकलतेय.

सिग्ने : कशी वाजत होती? मधूनच एकदा टुक, अशी?

आर्विड : छे! लागोपाठ चार वेळा. मग गप्प. पुन्हा चार वेळा.

सिग्ने : बरं.

आर्विड : बरं काय? चार वेळा म्हणजे काय असतं?

सिग्ने : बॅटरी, बाबा. बॅटरी संपत आली की वाजते तशी. आणि हे बघा, यापुढे गाडी अंगणात उभी करायची. गरमही तिथेच करायची. मी आज डबी परत लावते.

(आर्विड जमिनीवर सांडलेलं साबणाचं पाणी फडक्याने पुसतो.)

आर्विड : बॅटरी मी बदलली होती, सिग्ने. नवी घातली, तरी वाजत राहिली. म्हणून काढली.