मामांसोबत पाहिलेले पिक्चर

लातूरच्या स्टँडवर औशाच्या बसच्या रांगेत उज्वलाचे कान पुढच्या दोघांकडंच होते. दयानंद सासऱ्यासोबत पाहिलेल्या पिक्चरांची हकीकत साहेबरावला सांगत होता.

“विनोदी कसा व्हता?”

“लई बंडल.”

“लोकं तर हसून मरायलेत.”

“सासरा शेजारी बसल्यावर जावयानं दात काढावेत का?”

“आन् तो रडका, घरगुती?”

“झकास. मामा रडले, मंग म्याबी मनमोकळा रडलो.”

“भुताचा?”

“भूत बेकार, नुसती पावडर थापलेली. पिक्चर मात्र एक नंबर.”

“ते कसं?”

“पळून लगीन केल्यापास्नं मामा मला ‘अहो पाव्हणं’च म्हणतेत. भूत निघालं तसा माझा हात गच्च धरून म्हणले, ‘दया, बाबा, उठून जाऊ नको.’”

“मंग आता?”

“रविवारी परत तोच पिक्चर. मामांना घेऊन.”