चाचांचं हाड आणि माझ्या हातची चिमूट

माझ्या गावच्या माणसांनो, आया-बायांनो, आणि समोर बसलेल्या चाची,

मुरुडच्या या शाळेत मी याआधी एकदाच माईक धरला होता, दहावीच्या निरोपाला. तेव्हा पहिल्या बाकावर हमीदचाचा होते. आज तिथं त्यांचा फोटो आहे. त्याच्याकडं बघत बोलणं जड जातंय. अडखळले तर जरा थांबा.

इथं किती जणांची हाडं चाचांनी बसवलीत? हात वर करू नका, निम्मी सभा उभी राहील. मी सात वर्षांची असताना माझा हात मोडला. चाचांनी बांबूच्या कामट्या बांधल्या. मी विचारलं, "चाचा, आतून कोण चिकटवतं?" ते हसले. "मी निस्तं सरळ करतो, बेटी. आत कोण चिकटवतं ते मला बी ठाव न्हाई. तू शीक अन् मला सांग."

आमच्या घरात तोवर कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. पोरीला नांदेडला कशी ठेवायची, म्हणून बाबा अडून बसले. चाचा त्यांना म्हणाले, "माझा सवाल हाय तिच्याकडं. जवाब आणू दे."

नांदेडात विष्णुपुरीजवळच्या खोलीवर राहून, जीवशास्त्र शिकताना मला तो जवाब मिळाला. परत आले, त्याच महिन्यात एसटीच्या पायरीवरून चाचांचा पाय घसरला. नडगीचं हाड मोडलं. लातूरला प्लास्टर झालं, मांडीपर्यंत. हाडवैदाच्या पायाला प्लास्टर! सगळे चिडवत होते. चाचा म्हणायचे, "सोताचा पाय सोता कसा ओढू, सांगा की."

मग मी त्यांना सांगितलं. हाडातच काही प्रथिनं साठवलेली असतात. हाड मोडलं की ती मोकळी होतात. तिथं साकळलेल्या रक्तातूनही तशीच काही निघतात. ती आसपासच्या पेशींना बोलावतात, या, इथं हाड बांधा. आधी मऊ गाठ धरते, मग ती कडक होते. मी म्हटलं, "चिठ्ठीच समजा, चाचा."

"म्हंजी मोडल्याबिगर चिठ्ठी निघत न्हाई?"

"नाही."

"वा! आन् आजवर मी समजत होतो, माझ्या कामट्यांची करामत हाय."

त्या दिवसापासून मी गेले की एकच प्रश्न. "चिठ्ठी पोचली का गं?"

पण एक गोष्ट मी तेव्हाच बजावली होती. तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात. या प्रथिनांचं काम मंदावतं. चाचांना साखरही होती. तंबाखू बंद म्हणजे बंद. चाचींनी लगेच डबी काढून घेतली.

आणि आपण काय केलं? आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत. चाचांची खाट खिडकीशी होती. येणारा-जाणारा गजांतून एक चिमूट सरकवून जायचा. मायेनंच. चाचींनी सगळ्यांशी भांडण केलं. शेवटी खिडकी लावून आतून कुलूप घातलं.

चार महिने एक माणूस एका खाटेवर. पाय प्लास्टरात, खिडकी बंद, समोर भिंत. एकदा मला म्हणाले, "खिडकी बी गेली, तंबाखू बी गेली. मी काय संदुकीतलं कापड हाय व्हय? एक बार मळून दे, बेटी. एकच."

मी दिला.

चाची, डबी तुम्ही माझ्याकडं ठेवायला दिली होती. या पोरीच्या हातात ती सुरक्षित राहील, म्हणून. मी चुना लावला, मळली, आणि दिली. दुसऱ्या दिवशीही. मग रोज. एकदा दिल्यावर नाही कशी म्हणणार होते? नाही म्हटलं असतं, तर त्यांनी तुम्हाला सांगितलं असतं का? नसतं. हे कळत असूनही मी घाबरत होते.

दर वेळी एक्स-रेत हाड मोडल्याची रेघ तशीच दिसायची. पडून पडून छातीत कफ साचला, आणि चाचा गेले. डॉक्टर म्हणाले, वय होतं, साखर होती. माझ्या चिमटीनंच झालं असं कुणी सांगू शकत नाही. तिच्यानं झालं नाही, असंही कुणी सांगू शकत नाही. शिकले त्यातून मला एवढंच कळतं, आणि यातून बाहेर पडायला मला वाट सापडत नाही.

चाची, चाचा गेल्यापासून तुम्ही दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगताय, "या पोरीनं लई केलं." म्हणूनच आज मला बोलायला उभं केलंय. आता ते सांगणं थांबवा, चाची.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "पोचली का गं?" माझ्या तळहातावर तंबाखू होती. मी म्हटलं, "पोचतेय, चाचा."

आज तो जवाब बदलते. चाचा, चिठ्ठी निघाली होती. वाटेत मी उभी होते.

ही डबी मी फोटोपुढं ठेवते. ज्यांनी ज्यांनी त्या खिडकीतून हात आत घातला होता, ते आणि मी, आपण आता उभं राहू. कुणी काही बोलू नका. चाची बसा म्हणतील, तेव्हा बसू.