उपड्या ताटांचा कौल

—नाही हो, इथं कुणी कुणाचा पक्ष विचारत नाही, खुशाल आत या. बँकेत ना तुम्ही? जळगावहून बदलून आलात, म्हणजे घरचेच झालात की, माझं माहेर तिकडचंच, पारोळ्याचं. ही खाणावळ माझी, मंगलाबाईची. कापडाच्या लूमवरचे जेवतात, ऑफिसातले जेवतात, सगळे एका पंगतीला — म्हणजे जेवायचे. तो अलाहाबादचा निकाल लागला ना, दिल्लीच्या बाईंची निवडणूक रद्द, त्या दिवसापासून ह्या भिंतीशी 'राजीनामा द्या'वाले बसायला लागले आणि त्या भिंतीशी 'का म्हणून द्यावा'वाले. मीठ हवं असलं तरी समोरच्याला मागायचं नाही, मला सांगायचं. मीठ काय कोर्टानं जप्त केलं होतं? आता काल रेडिओवर सुप्रीम कोर्टाचं आलं, तर दोन्हीकडच्यांनी पेढे वाटले, तेही एकाच दुकानातले. मग जिंकलं कोण? मी प्रकाशला विचारलं — तो पोस्टातला, सगळं वाचतो — तर म्हणाला, बाईंनी सभागृहात बसायचं, बोलायचं, पण मत द्यायचं नाही आणि पगार घ्यायचा नाही. म्हटलं, अरे, हे तर लग्न झाल्यापासून माझं चाललंय, त्याला सुप्रीम कोर्ट कशाला लागतं?

बसा ना, चहा टाकते. गिऱ्हाईक कमी झालंय असं नाही — बरं, झालंय, खोटं कशाला बोलू. अर्धे समोर गेले, लोटूच्या खाणावळीत, ते हिरवं दार दिसतंय तिथं. आणि ह्याला कारण हा प्रकाशच. त्यानं कुठल्याशा मासिकात वाचलं की हल्ली लोकांना विचारून कौल काढतात. म्हणाला, आपणही काढू, गुप्त काढू, म्हणजे भांडण मिटेल. आता आमची पद्धत अशी — ज्याचं त्याचं ताट, पाठीवर नाव कोरलेलं, त्या फळीवर. रात्री जेवायला नसेल त्यानं सकाळी ताट उपडं घालून जायचं. मी दुपारी फळी बघते आणि सुलट्या ताटांपुरत्याच भाकरी थापते. तर ह्या शहाण्यांनी ठरवलं काय, राजीनामा हवा असेल त्यानं ताट उपडं घालायचं. म्हणे गुप्त मतदान, आणि ताट उपडं केलं की नाव वर. बरं, मला कुणी सांगितलं? मी नळावर होते. दुपारी बघते तर अर्धी फळी उपडी. वाटलं, कुणाकडे बारसं असेल. उरलेल्यांपुरता स्वयंपाक केला आणि पाठ टेकली. रात्री आले की सगळेच्या सगळे. हिलाल दिवसभर लूमपुढं उभा राहून आलेला, तो ताट घेऊन बसला आणि मी म्हणते, बाबा, तुझं नाही रे. तो म्हणतो, मत दिलं म्हणून उपाशी मारता, बाई? लागला की ओरडायला, हुकूमशाही म्हणे. भाकरी संपल्या होत्या हो, हुकूमशाही कसली.

आणि तो कौल? सकाळी म्हणे समसमान होता. रात्री एका मतानं फिरला. सकाळी उपडं असलेलं एक ताट सुलटं निघालं, पाठीवर नाव शालिग्राम. — कोण म्हणजे? आमचे हे. वकिलाकडे कारकून आहेत, त्यामुळे कोर्टाचा शब्द म्हणजे देवाचा शब्द, खालचं कोर्ट असो की वरचं. मग काय, त्यांचेच लोक त्यांच्यावर तुटून पडले. दलबदलू म्हणाले. हे बिचारे शपथा घेतायत. शेवटी मीच म्हटलं, अरे, ते मी सुलटं केलं. हा माणूस न सांगता जेवायला जाणार कुठं? अल्सर आहे हो त्यांना, बाहेरचं तिखट पोटात गेलं की रात्रभर कण्हतात. मी ताट सुलटं केलं, बिनतिखटाचं वरण वेगळं काढून ठेवलं, एवढंच. तर पंगत हसली. म्हणे, शालिग्रामरावांचं मत बाईच्या हातात. आणि हे चारचौघांत मला म्हणाले, "मला न विचारता माझं मत फिरवलंस. ह्यालाच कायद्यात भ्रष्ट आचार म्हणतात."

आता मी गप्प बसायला हवं होतं, तुम्ही म्हणाल. बसलेही असते, पण वरणाला कुणी भ्रष्ट आचार म्हणतं का? मी म्हटलं, तिकडे सरकारी माणसाकडून प्रचाराचं काम करून घेतलं म्हणून बाईची खुर्ची जाते, मग तुमच्या वकीलसाहेबांच्या घरचं दळण कोण आणतं? डोक्यावर डबा घेऊन? कारकूनच ना? काढा मग त्यांची सनद. — कुणाला माहीत नव्हतं ते. पंगतीत मोठा मान होता ह्यांना, घरभाड्याची नोटीस आली तरी लोक आधी ह्यांच्याकडे यायचे. हे तसेच उठले. हात धुतले, चप्पल घातली. जेवले कुठं धड, नुसतेच हात धुतले. तेव्हापासून समोर जेवतात आणि झोपायला घरी येतात, भिंतीकडे तोंड करून. मी तरी का बोलू? माझी काय चूक? पण घर खायला उठतं हो.

माझं मत? बघा, तुम्हीही विचारलंतच. माझं काही मत नाही. बाई आहे, तिला काम करू द्या, एवढंच म्हणणं आहे, ह्याला काय मत म्हणतात? — थांबा जरा. ते बघा, आमचे हे बसले. खिडकीशी, टोपीवाले. लोटूचा हात मिरचीला सैल, आणि ह्यांना नको म्हणवत नाही, पहिल्यापासून असेच, वाढेल ते खातात. कपाळ पुसतायत बघा.

चहा राहू द्या तुमचा. तुम्ही असं करा, समोरच जेवा. नाही, इथं नको, सांगते ना. त्यांच्या शेजारी बसा. भाजी आली की दही मागा, दोघांसाठी मागा, म्हणावं आमच्या जळगावाकडे असंच खातात. माझं नाव काढू नका. मंगलाबाईनं का घेतलं नाही असं कुणी विचारलंच, तर जागा नाही म्हणाली म्हणून सांगा. उठा, पानं वाढली तिथं. आणि जाताना दार ओढून घेऊ नका, मला समोरचं दिसत नाही मग.